आंब्याची पट्टी आणि कोर्टातला हिशेब

मार्च संपत आला की मिठबावातल्या घरांत वाशीच्या मार्केटातून पट्ट्या यायला लागतात. पातळ कागदाचा तुकडा असतो. वर गाळ्याचा नंबर, खाली किती पेट्या पोचल्या, पेटीला काय दर निघाला, मग भाडं, हमाली, तोलाई, दलाली वजा होत होत शेवटी हातात येणारी रक्कम. बागायतदार आकड्यावरून नजर फिरवतो, यंदाच्या दराबद्दल चार शब्द बोलतो आणि कागद कपाटावरच्या डब्याखाली सरकवतो. जूनमध्ये घरात ओल शिरते, कागद एकमेकांना चिकटतात आणि चतुर्थीच्या आधी घर झाडताना कुणीतरी तो गठ्ठा चुलीत घालतं. हल्ली पट्टी मोबाईलवरही येते. फोन बदलला की तीही जाते.

हा कागद केवढ्या मोलाचा असतो ते मला ओरोसच्या जिल्हा न्यायालयात कळलं. नात्यातल्या एका बाईंसोबत मी तिथे बसलो होतो. त्यांचे यजमान रस्त्यावरच्या अपघातात गेले होते, चूक समोरच्या गाडीची होती आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे बाईंची उलटतपासणी चालू होती. विमा कंपनीच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, ‘तुमचे पती महिन्याला किती कमवत होते?’ बाई गोंधळल्या. म्हणाल्या, ‘ता कसा सांगू? हंगामावर असता सगळा.’ उत्तर शंभर टक्के खरं होतं. पण त्या उत्तराला गुणाकारात बसवता येत नाही, आणि पुढे सगळा गुणाकारच असतो.

आपल्याकडे रस्त्यावर माणूस गेला की पहिलं वाक्य ऐकू येतं ते असं : ‘माणूसच गेलो, आता पैशे घेवन काय करूचे?’ हे बोलणाऱ्याच्या दुःखाचा मला आदर आहे. पण त्या वाक्यामागे एक गैरसमज आहे, आणि त्यात कितीतरी घरांचं नुकसान झालेलं मी पाहिलंय. भरपाई म्हणजे माणसाची किंमत, असं वाटून लोक मागे सरतात. कायदा मात्र माणसाची किंमत करतच नाही. या माणसाच्या कमाईतून घरात जे येत होतं ते किती वर्षं येत राहिलं असतं, एवढंच तो विचारतो. पोरांची फी, आईचं औषध, सोसायटीचा हप्ता, घराच्या कौलांची डागडुजी, हे सगळं कोणाच्या तरी निष्काळजीपणामुळे थांबलं, म्हणून ते त्याने भरून द्यायचं. हा घरच्यांचा हक्क आहे. तो मागण्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

हा हक्क जुना मात्र नाही. इंग्लंडमध्ये १८०८ साली एक घोडागाडी उलटली आणि तीत जखमी झालेली बाई महिनाभराने वारली. नवऱ्याला भरपाई मिळाली ती फक्त तिच्या मृत्यूपर्यंतच्या त्या महिन्याची. मृत्यूबद्दल दावाच करता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे माणसाला लंगडा केला तर पैसे द्यायचे, जिवानिशी मारला तर काहीच नाही! रेल्वे आली, अपघातांत माणसं मरू लागली, तेव्हा १८४६ साली तिथल्या संसदेने कायदा करून घरच्यांना दाव्याचा हक्क दिला. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ साली, आणि दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, कंपनी सरकारने तसाच कायदा हिंदुस्थानात आणला. पण तो दावा दिवाणी न्यायालयात चालवायचा, म्हणजे खर्च आणि वर्षं दोन्ही हाताबाहेर. मोटारींसाठी १९३९ च्या कायद्याने तिसऱ्या व्यक्तीचा विमा सक्तीचा ठरवला, १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली, आणि आज चालतो तो १९८८ चा मोटार वाहन कायदा. २०१९ मध्ये त्याच्यात मोठे बदल झाले. ते बहुतेकांना अजून माहीत नाहीत.

अपघात झाला की दोन वेगळ्या वाटा सुरू होतात. एक फौजदारी. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. तो खटला सरकार चालवतं आणि त्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दुसरी वाट भरपाईची. ती घरच्यांनी चालवायची, आणि तिथे चूक ड्रायव्हरचीच असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दिसलं तरी पुरतं. म्हणून ड्रायव्हर फौजदारीतून निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा मरत नाही. ‘तो सुटलो, आता काय रवला?’ म्हणून फाईल बांधून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणखी एक अडचण खास गावची. मिठबाव ते देवगड, मिठबाव ते आचरा, नाहीतर हायवेला नांदगावच्या तिठ्यापर्यंत, या आपल्या अरुंद रस्त्यांवर धडक देणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतोच. चिऱ्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर शेजारच्या वाडीतला निघतो. मग देवळात बैठक बसते, ‘गाववाल्यावर केस खय घालतंस?’ म्हणतात, आणि कुठल्यातरी स्टॅम्पपेपरवर पन्नास हजारांत मिटवामिटव होते. त्या ड्रायव्हरच्या घरीही पोरंबाळं असतात, हे मलाही कळतं. पण गाडीचा विमा चालू असेल तर पैसे त्याच्या घरातून जात नाहीत, विमा कंपनी देते. दाव्यात ड्रायव्हर आणि मालक यांची नावं असतात ती जबाबदारी कोणाची हे ठरवायला. ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स नसलं तरी बहुतेक वेळा न्यायालय कंपनीला आधी घरच्यांना पैसे द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं. वकील मंडळी त्याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. गावकीत मिटवताना मात्र गुन्हाच नोंदवला जात नाही, पंचनामा होत नाही, आणि मग कंपनी म्हणते की असा अपघात झाल्याचा पुरावाच काय?

पंचनाम्याबद्दल थोडं जवळून सांगतो, कारण घरचे त्या वेळी रुग्णालयात असतात आणि तिकडे रस्त्यावर काय लिहिलं जातंय ते कुणी पाहत नाही. डांबराची रुंदी किती, साईडपट्टी किती, धडक रस्त्याच्या कुठल्या बाजूला झाली, काचांचा चुरा कुठे पडला, टायर घासल्याचे काळे पट्टे किती फूट लांब आणि कुठल्या दिशेने, मोटारसायकल कुठे पडली, हे सगळं टेपने मोजून लिहिलं जातं. ड्रायव्हरने ब्रेक कधी दाबला ते त्या काळ्या पट्ट्यावरून कळतं. एका पावसात तो पुसला जातो. शक्य असेल तर घरातल्या कुणीतरी, शेजाऱ्याने, कोणीही, तिथे जाऊन फोटो काढावेत, आणि पंच म्हणून सही करणारा माणूस नंतर सापडेल असा असावा. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, इन्क्वेस्ट पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आरटीओने केलेली गाडीची तपासणी, गाडीचं आरसी, विम्याची प्रत, ड्रायव्हरचं लायसन्स, या सगळ्यांच्या नकला पोलिसांकडून मिळवायच्या.

२०२२ पासूनच्या नियमांत पोलिसांवरही काळाचं बंधन आलं आहे. अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायची, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तो अहवालच न्यायाधिकरणाने दावा म्हणून धरायचा, असंही कायद्यात आहे. तरी स्वतःचा अर्ज करावाच. त्याची मुदत आता अपघातापासून सहा महिने. १९९४ नंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षं अशी मुदतच नव्हती, त्यामुळे जुनी माणसं अजून सांगतात की क्लेम कधीही टाकता येतो. १ एप्रिल २०२२ पासून ते खरं नाही. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. बारावं-तेरावं, वर्षश्राद्धाची तयारी, चाकरमानी भाऊ चतुर्थीला आले की बोलू, असं करता करता सहा महिने कसे जातात ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

अर्ज कुठे करायचा, हे ठरवण्याचा हक्क घरच्यांचा आहे. अपघात झाला तिथलं न्यायाधिकरण चालतं, दावेदार राहतात तिथलंही चालतं, आणि गाडीमालक राहतो तिथलंही. १९ मार्च २०१३ च्या पहाटे गोव्याहून मुंबईला निघालेली खासगी बस खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून कोसळली आणि ३७ माणसं गेली. अशा अपघातात गेलेल्यांची घरं चार दिशांना विखुरलेली असतात. त्यांतल्या कुणालाच खेड-रत्नागिरीला खेपा घालण्याची सक्ती नसते. मिठबावच्या घराने ओरोसला दावा करावा, ठाण्यात राहणाऱ्याने ठाण्यात. बसमधल्या प्रवाशाची तर स्वतःची चूक असण्याचा प्रश्नच येत नाही.

आता तो गुणाकार. समजा, एक ३८ वर्षांचा माणूस आहे. पावसाळा सोडून ट्रॉलरवर खलाशी, मार्च ते मे चुलत्याच्या बागेत आंबे उतरवायला, पावसात शेती. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला १८,००० रुपये पडतात. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे झाले २,१६,०००. तो जगला असता तर कमाई वाढली असती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या प्रणय सेठी निकालात वाढीचे दर ठरवून दिलेत. पक्की नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाला ४० टक्के, चाळीस ते पन्नासमध्ये २५ टक्के, पन्नास ते साठमध्ये १०. आपल्या माणसाचे झाले ३,०२,४००. यातला काही भाग तो स्वतःवर खर्च करत असणार. अवलंबून असलेले चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश वजा, दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, अविवाहित असेल तर निम्मे. राहिले २,२६,८००. याला वयाप्रमाणे गुणायचं. तो तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला : पंचविशीपर्यंत १८, छत्तीस ते चाळीसला १५, एक्केचाळीस ते पंचेचाळीसला १४, असं उतरत उतरत पासष्टीनंतर ५. म्हणजे २,२६,८०० गुणिले १५. झाले ३४,०२,०००.

इथे सगळे विचारतात की साठीपर्यंत बावीस वर्षं होती, मग पंधराच का? कारण पैसे एकरकमी मिळतात आणि त्यांवर व्याज येतं. रकमेचा पंधरावा भाग म्हणजे ६.६७ टक्के. तेवढ्या व्याजाने ही रक्कम ठेवली तर मूळ रकमेला हात न लावता दरवर्षी ते २,२६,८०० सुटत राहतील, आणि कर्ते दिवस संपल्यावरही मुद्दल शिल्लक असेल. महागाईपुढे हे गणित तोकडं पडतं, असं मला वाटतं. पण त्यामागचा विचार असा आहे. या रकमेशिवाय सहवासाच्या हानीचे पत्नीला, मुलांना आणि आईला प्रत्येकी वेगळे मिळतात. २०१७ साली ते ४०,००० ठरले. अंत्यविधी आणि संपदा-हानीचे १५-१५ हजार ठरले. या तिन्हींत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. या घराचे ते सव्वादोन-अडीच लाख होतील. शिवाय दावा दाखल केल्यापासूनचं व्याज, साधारण सहा ते नऊ टक्के.

आता हाच हिशेब दुसऱ्यांदा करू. माणूस तोच, वय तेच, घर तेच. फक्त १८,००० रुपयांचा एकही कागद नाही. न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना ८,००० धरले. वर्षाचे ९६,०००, वाढीसह १,३४,४००, चतुर्थांश वजा जाता १,००,८००, गुणिले १५ म्हणजे १५,१२,०००. फरक १८,९०,००० रुपयांचा! ना ड्रायव्हर बदलला, ना कायदा. न्यायाधीशांनीही काही वाईट केलं नाही. पुढ्यात आहे त्यावरच त्यांना लिहावं लागतं.

मुंबईत कंपनीत असलेल्या चाकरमान्याची पगाराची पावती असते, फॉर्म १६ असतो, पीएफ असतो. किनाऱ्यावरच्या माणसाचे कष्ट त्याच्यापेक्षा कमी नसतात, फक्त कुठे लिहिलेले नसतात. तांबळडेगच्या वाळूत रापण ओढणाऱ्याला वाटा मिळतो तो माशाचा किंवा हातात रोख. खलाशी हंगामाआधी मालकाकडून उचल घेतो आणि ती मालकाच्या वहीत असते. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा त्या दोन महिन्यांची कमाई वेगळी दाखवावी लागते, नाहीतर समोरचे वकील लगेच विचारतात की वर्षाचे बारा महिने कसे धरलेत? मग शोधायचं काय? बोटमालकाची वही आणि स्वतः मालकाची साक्ष. मच्छीमार सोसायटीतली नोंद. बँकेचं पासबुक, ‘गुगल पे’च्या नोंदी, बचत गटाच्या वहीतली हप्त्यांची पानं. ज्याचा कर्जाचा हप्ता तीन वर्षं चुकला नाही त्याच्या हातात काहीतरी येत होतंच, हे कोर्टाला सांगता येतं. आणि यातलं काहीच सापडलं नाही तरी हातपाय गाळू नयेत. सरकारी किमान वेतनाचा आकडा हे शेवटचं माप नाही, कागद नसला तरी कामाचं स्वरूप आणि घराचं राहणीमान पाहून अंदाज बांधता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

बागायतदाराची गोष्ट आणखी अवघड, आणि पट्टी लागते ती इथे. हापूसची बाग मालक गेला म्हणून मरत नाही. झाडं उभी आहेत, पुढच्या वर्षीही मोहोर येईल, मग घराचं नुकसान काय झालं, असा प्रश्न येतो. तो गैर नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००३ मध्ये म्हटलं की जमीन वारसांकडे राहते, म्हणून शेतीचं सगळं उत्पन्न बुडालं असं धरता येत नाही, बुडते ती मालकाची देखरेख आणि मेहनत. त्यामुळे दाखवायचं ते हे : आधी तो स्वतः काय काय करत होता आणि आता त्यासाठी किती मोजावे लागतात. फवारणीला स्वतः पंप पाठीला लावत होता, आता रोजावर माणूस. रात्रीची राखण स्वतः करायचा, आता नेपाळी गुरखा ठेवलाय, त्याचा महिना. वाशीला कुणाकडे किती माल पाठवायचा, हे त्याचं डोकं होतं, आता बाग कराराने दिली आणि ठरलेले पैसे घेऊन गप्प बसायचं. अपघाताच्या आधीच्या तीन हंगामांच्या पट्ट्या आणि नंतरचा करारनामा शेजारी शेजारी ठेवले की नुकसान आपोआप दिसतं. आमच्या नात्यातल्या त्या बाईंकडे पट्ट्या नव्हत्या. वाशीच्या व्यापाऱ्याने आपल्या गाळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या, नकला दिल्या आणि साक्षीलाही आला. आडनावापलीकडे फारशी ओळख नसलेल्या त्या माणसाचे उपकार ते घर विसरणार नाही.

बाई अपघातात गेली तर? ‘ती घरीच होती’ असं तिच्याच घरचे अर्जात लिहितात आणि तिथेच अर्धा दावा बुडवतात. पहाटे उठून पाणी भरणं, गुरं, चूल, सासूची आंघोळ, पोरांचा अभ्यास, मे महिन्यात आमसुलं, काजूबिया सोलणं, पाटी घेऊन बाजारात मासे विकणं. यातलं कुठलं काम उद्यापासून थांबवता येईल? २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३,००० धरलं होतं. तेव्हापासून तो आकडा वाढत आला. २०२१ मध्ये न्यायालयाने गृहिणीसाठीही भविष्यातली वाढ धरायला हवी असं सांगितलं, आणि २०२४ मध्ये तिचं मोल रोजंदारीवरच्या मजुरापेक्षा कमी धरता येणार नाही असं बजावलं. मजुराशी बरोबरी हीसुद्धा मला कमीच वाटते. मजुराला संध्याकाळी सुट्टी असते.

काही ठिकाणी मात्र कायदा घरच्यांच्या हाती फार काही देत नाही. ते आधीच माहीत असलेलं बरं. लग्नाचं वऱ्हाड, आंगणेवाडीची जत्रा, कुणकेश्वरची महाशिवरात्र, अशा वेळी टेंपोच्या हौद्यात माणसं भरून निघतात. मालवाहू गाडीत नुसता प्रवासी म्हणून बसलेला माणूस गेला तर विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही. घरच्यांना गाडीमालकाकडेच पाहावं लागतं, आणि त्याच्याकडे देण्यासारखं असेलच असं नाही. स्वतःच्या आंब्याच्या पेट्यांबरोबर मालक म्हणून निघालेला बागायतदार मात्र विम्यात बसतो. स्वतःच्याच चुकीने झाडावर आपटलेल्या मोटारसायकलस्वाराच्या घरी तिसऱ्या व्यक्तीच्या विम्यातून काही येत नाही. पण गाडी त्याच्याच नावावर असेल, लायसन्स असेल आणि पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असेल तर १५ लाख मिळतात. थोडे पैसे वाचवायला लोक तो काढून टाकायला सांगतात. तसं करू नका.

मारून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून २ लाख मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी ते अवघे २५,००० होते. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा, वकील लागत नाही. २०२२ मध्ये देशभरात असे पळून गेलेल्या गाड्यांचे सुमारे ६७ हजार अपघात नोंदले गेले, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात या योजनेसाठी आलेले अर्ज जेमतेम दोनशे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये पोलिसांना सांगितलं की ही योजना घरच्यांना स्वतःहून कळवा. माझ्या माहितीतल्या कुणालाही कुणी कळवलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आणि एक सापळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे न पाहता मृत्यूबद्दल ५ लाख मिळू शकतात. लवकर मिळतात, म्हणून घर त्या वाटेने वळतं. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. जिथे समोरच्याच्या चुकीचा पुरावा धड नाही, किंवा मृताचीही बरीच चूक आहे, त्या घराला ५ लाख हा आधार आहे. वरच्या खलाशाच्या घराने मात्र ३६ लाखांचा दावा ५ लाखांवर सोडायचा का, याचा विचार सही करण्याआधी करायचा.

वकिलाच्या फीची भीती अनेकांना असते. बाईने दावा केला तर तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. देवगडच्या न्यायालयात तालुका समितीकडे साधा अर्ज दिला तरी चालतो. खासगी वकील केला आणि त्याने मिळणाऱ्या रकमेत टक्का मागितला, तर बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही हे त्याला नम्रपणे सांगता येतं. गेलेल्या माणसाचा एलआयसीचा विमा, पीएफ, कुटुंबाला मिळणारं पेन्शन, यांतलं काहीही भरपाईतून वजा होत नाही. एसटी महामंडळाविरुद्धच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच हा वाद मिटवला. तेव्हा मिळालेला विमा लपवायची गरज नाही.

निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. कंपनी अपील करू शकते, घरचेही करू शकतात, मुदत ९० दिवस. आपल्या जिल्ह्याची अपिलं इतकी वर्षं मुंबईला जायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आला. रातराणीने मुंबई गाठून दोन मिनिटांच्या तारखेसाठी दिवस घालवलेल्यांना विचारा, घाट चढून संध्याकाळी घरी परतता येण्याचा अर्थ काय ते.

पैसे येतात तेव्हा घरातली बोलणी बदलतात, हेही लिहायला हवं. सासर-माहेर, दीर, चुलते, प्रत्येकाला काहीतरी सुचतं. तरण्या विधवेने पुन्हा लग्न केलं तर तिचा हिस्सा जातो, असं तिला दरडावून सांगितलेलं मी ऐकलंय. तसं नाही. पुनर्विवाह केला म्हणून भरपाईचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. लहान मुलांचा हिस्सा न्यायाधिकरण परस्पर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत घालायला लावतं, त्यावर कुणाला कर्ज काढता येत नाही, व्याज आईच्या खात्यात येतं. ओरोसहून आम्ही परतलो तेव्हा त्या बाईंच्या पिशवीत अशा दोन पावत्या होत्या. एस्टीत त्यांनी त्या दोनदा काढून पाहिल्या. थोरल्याच्या पावतीवर २०२९ होतं, धाकटीच्या २०३३.